हवेतली रांग

मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात आमच्या घरातली चार माणसं पहिल्यांदाच एका वेळी इंटरनेटवर बसली. पत्नी शाळेत शिकवते. तिचा वर्ग सकाळी साडेनऊला लॅपटॉपवर भरू लागला. मुलीची शाळा आतल्या खोलीत, माझं ऑफिस जेवणाच्या टेबलावर. साताऱ्याहून आठ दिवसांसाठी आलेले बाबा टाळेबंदीमुळे बंगळुरूतच राहिले होते. ते हॉलमध्ये मोबाइलवर कीर्तन लावून बसत. दहाच्या सुमाराला पत्नीचा आवाज तुटायला लागायचा. पडद्यावरची मुलं कानाला हात लावून खुणा करायची. ती पुन्हा पहिल्यापासून सांगायची, पुन्हा आवाज तुटायचा. तिसऱ्या दिवशी आम्ही १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा करून घेतला. पैसे जास्त गेले, वर्ग तसाच अडखळत राहिला.

कारण सापडलं ते मुख्य दाराशेजारच्या भिंतीत. टीव्ही, फोन, इंटरनेट या सगळ्यांच्या वायरी एकत्र आणण्यासाठी बिल्डरनं तिथे एक लोखंडी पेटी बसवून दिली होती. फायबर जोडायला आलेल्या मुलानं राउटर त्याच पेटीत नीट ठेवून वरून दार लावून घेतलं होतं. त्याच्या परीनं त्यानं काम नेटकंच केलं होतं: एकही वायर बाहेर दिसत नव्हती. पेटीसमोर आमचं चपलांचं कपाट. लोखंडाच्या फटींतून जेवढी रेडिओलहर निसटेल तेवढीच घरात येत होती, आणि तेवढ्यावर एक शाळा, एक वर्ग, एक ऑफिस आणि एक कीर्तन चाललं होतं. सात मीटर केबल आणली, राउटर पेटीतून काढला आणि हॉलमधल्या पुस्तकांच्या मांडणीवर डोक्याच्या उंचीला ठेवला. दुसऱ्या दिवशी पत्नीचा वर्ग पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग झाला.

मी वीस वर्षं नेटवर्कचंच काम करतो. एखाद्या कचेरीत वायफाय लावायचं तर आम्ही आधी मजल्याचा नकाशा मागतो, भिंती कशाच्या आहेत ते विचारतो, माणसं कुठे बसणार ते पाहतो आणि मगच कुठे काय टांगायचं ते ठरवतो. घराचं असं कुणी काही पाहत नाही. जिथून वायर आत येते तिथेच राउटर बसतो आणि पुढे चार-पाच वर्षं तिथेच राहतो. नेट अडकलं की मोठा प्लॅन, त्यानंही अडलं की महागडा राउटर, आणि त्यानंतर मनस्ताप. ही पुस्तिका त्या क्रमाला पर्याय म्हणून लिहिली आहे. त्या वर्षी आधी आमच्या मजल्यावरच्या, मग इमारतीतल्या, आणि पुढे ओळखीतून व्हाइटफील्ड, इलेक्ट्रॉनिक सिटी, बनशंकरी, मल्लेश्वरम अशा ठिकाणच्या घरांमध्ये जे पाहिलं, मोजलं, बदललं, त्याच्या नोंदी म्हणजे पुढची प्रकरणं.

ती मराठीत का, असं काही मित्रांनी विचारलं. या शहरात येणाऱ्या मराठी मुलामुलींना इंग्रजीत सगळं मिळतं, हे खरं आहे. पण नेट बंद पडतं तेव्हा घरी असतात त्यांचे आईवडील. सांगली-सोलापूरहून नातवंडं सांभाळायला आलेल्या आजी, निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेले आजोबा. दारात आलेला टेक्निशियन कन्नडमध्ये किंवा मोडक्या हिंदीत बोलतो, मोबाइलवर स्पीडचा काटा दाखवतो, "सार, स्पीड बर्ता इदे" म्हणतो आणि निघून जातो. म्हणजे स्पीड येतोय. तो खोटं बोलत नाही. त्यानं राउटरपासून दोन हातांवर उभं राहून मोजलेलं असतं. आतल्या खोलीत येऊन मोजून दाखव, हे सांगायला जे चार शब्द लागतात ते त्या घरातल्या माणसाकडे असावेत, एवढ्यासाठी मराठी.

गाठ कुठे बसते हे कळायला या शहराकडेच थोडं मागे वळून पाहावं लागतं. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकी कंपनी बंगळुरूत आली. इथले अभियंते तिकडच्या कचेऱ्यांशी जोडायचे तर तिला स्वतःचा उपग्रहदुवा उभारावा लागला. त्याची सामग्री बैलगाडीवरून नेल्याची हकिकत इथल्या जुन्या लोकांकडून आजही ऐकायला मिळते. बाहेरच्या जगाशी बोलणं तेव्हा इतकं अवघड होतं. आज फायबर चौथ्या मजल्यावरच्या दाराशी येऊन थांबतो. योगायोग असा, की त्याच १९८५ साली अमेरिकेच्या दूरसंचार नियामकानं काही रेडिओपट्टे विनापरवाना वापरासाठी खुले केले, आणि त्यातूनच पुढे वायफाय जन्माला आलं. पहिलं प्रमाण, आयईईई ८०२.११, १९९७ चं. त्यातला वेग होता २ एमबीपीएस. दारापर्यंतचे हजारो किलोमीटर आता सहसा अडत नाहीत. दारापासून पलंगापर्यंतचे दहा मीटर अडतात.

त्या दहा मीटरांत पहिला अडथळा भिंतींचा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची तिच्या निम्म्याहून कमी. ही दुसरी लहर जास्त माहिती वाहते, पण भिंतीत लवकर दमते. बंगळुरूतली घरं या बाबतीत तीन तऱ्हांची आहेत असं माझ्या ध्यानात आलं. व्यंकोजीराजांच्या नावाशी जोडलेलं काडू मल्लेश्वराचं देऊळ ज्या मल्लेश्वरम भागात आहे तिथली जुनी घरं: जाड विटांच्या भिंती, पण खोल्या एकमेकींत उघडणाऱ्या आणि दारं मोठी, त्यामुळे लहरीला वाट मिळते. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर उभी राहिलेली तीन मजली घरं: सहा इंची सॉलिड ब्लॉकच्या भिंती, राउटर तळमजल्यावर, मुलांच्या खोल्या वर, आणि मध्ये स्लॅब. तिसरी तऱ्हा सर्जापूर रस्त्यापासून हेन्नूरपर्यंत उगवलेल्या टॉवरांची. यातल्या पुष्कळ इमारतींत विटा नाहीतच. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात सळ्यांसकट एकसंध ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात. कारागीर त्याला 'मायव्हन' म्हणतात. अशा दोन भिंती ओलांडल्या की ५ गिगाहर्ट्झ संपल्यात जमा. आमचं घर याच तिसऱ्या तऱ्हेचं.

सिग्नल डीबीएममध्ये मोजतात, आणि तो आकडा उणे असतो. मोबाइलवरची फुकटची अ‍ॅपं तो दाखवतात. उणे ५० म्हणजे उत्तम. व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ च्या खाली जाऊ नये. उणे ७५ च्या पुढे रडगाणं सुरू होतं. ही मोजपट्टी सरळ नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. दहानं खाली उतरणं म्हणजे शक्ती दहा पटींनी कमी. उणे ५० चे उणे ७० झाले तर पोचलेली शक्ती शंभरावा हिस्सा उरली. त्यामुळे राउटर चार फूट सरकवणं, लोखंडी कपाटाच्या मागून काढणं, माशांच्या टाकीपासून दूर करणं, ही कामं किरकोळ वाटली तरी त्यांचा परिणाम किरकोळ नसतो. पाणी आणि लोखंड हे दोन शत्रू मी सगळ्यांना पाठ करायला लावतो. आरशाच्या मागचा मुलामाही धातूच असतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

पण घराघरांत हिंडल्यावर माझं मत असं झालं, की भिंती हे अर्ध्याहून कमी दुखणं आहे. सिग्नल उणे ४५ आणि तरी कॉल अडकतोय, अशी घरं मी पुष्कळ पाहिली. तिथे अडचण ताकदीची नसते, नंबराची असते.

हवा सगळ्यांची एक आहे. तारेत आपला इंटरनेट आपल्यापुरता असतो. हवेत उतरला की तो शेजाऱ्यांसोबत राहू लागतो. भारतात जानेवारी २००५ पासून २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना विनापरवाना वापरता येतो. म्हणजे ८३.५ मेगाहर्ट्झ जागा, आणि तीत एकमेकांवर न चढणारे चॅनल फक्त तीन: १, ६ आणि ११. याच जागेत ब्लूटूथ आहे, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारनं ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे एकूण ६०५ मेगाहर्ट्झचे पट्टे मोकळे केले. शहरातल्या घरांना खरा श्वास तेव्हा मिळाला. मे २०२५ मध्ये ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागासाठी, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झसाठी, नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला. ही आकडेवारी मी सुरुवातीलाच देतो आहे, कारण आमच्या बेडरूममध्ये उभं राहून लॅपटॉपवर मोजलं तर अडतीस नावं दिसतात. ती अडतीस घरं त्याच काही मेगाहर्ट्झांत बोलत असतात.

कुणी मध्यस्थ नसताना ती बोलतात तरी कशी, याचं उत्तर या सगळ्या विषयाचा गाभा आहे. प्रत्येक उपकरण बोलण्याआधी ऐकतं. हवा मोकळी वाटली की मनातल्या मनात एक यदृच्छ आकडा धरतं आणि उलटे अंक मोजतं. मोजता मोजता दुसरं कुणी बोलू लागलं तर थांबतं, नंतर उरलेले अंक मोजतं, शून्यावर आलं की बोलतं. दोघं एकदम बोलले तर दोघांचं वाया जातं, आणि पुढच्या खेपेला दोघंही मोठ्या पल्ल्यातून आकडा निवडतात. फार सुंदर, सभ्य अशी ही रचना आहे. टोकन देणारा कुणी नाही, दारावर शिपाई नाही, आणि तरी रांग चालते. मला या विद्येत पडून इतकी वर्षं झाली तरी याचं अप्रूप कमी झालेलं नाही.

मात्र या रांगेचा एक नियम असा आहे, की ती प्रत्येकाला नंबर समान देते, वेळ समान देत नाही. इथे मला पंगत आठवते. पंगत एकत्र बसते, एकत्र उठते. शेवटच्या पानावरच्या माणसाचा ताकभात संपेपर्यंत कुणी हात धुवायला जात नाही, आणि दारात खोळंबलेली दुसरी पंगत तोवर उभीच असते. वाढपी कितीही चपळ असोत, मांडवाचा वेग ठरतो तो सगळ्यांत सावकाश जेवणाऱ्यावर. वायफायमध्ये लांबच्या खोलीतला, चार भिंतींपलीकडचा जुना फोन हा असा सावकाश जेवणारा असतो. त्याला लांबून नीट ऐकू येत नाही म्हणून राउटर त्याच्याशी हळू बोलतो. तेवढीच माहिती सांगायला दहापट वेळ जातो, आणि तो सगळा वेळ बाकीचे गप्प बसतात.

हिशेब करून पाहा. एक लॅपटॉप १०० एमबीपीएसनं बोलू शकतो, एक फोन १० नं. दोघांना आळीपाळीनं एक एक मेगाबिट पाठवायचा, तर लॅपटॉपला लागतो सेकंदाचा शंभरावा भाग, फोनला दहावा. दोघांची मिळून एक फेरी ०.११ सेकंदाची. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला येतात साधारण ९ एमबीपीएस. लॅपटॉपच्या शंभराचे नऊ झाले, आणि लॅपटॉपच्या मालकाला मागच्या खोलीतल्या फोनचा पत्ताही नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी २००३ साली हा दोष मांडला तेव्हा त्यांनी त्याला कामगिरीतली विसंगती म्हटलं: ११ एमबीपीएसच्या गटात एक जण १ एमबीपीएसचा आला, की सगळेच १ च्या खाली येतात. आमच्या घरात कीर्तन ऐकणारा फोन हा असाच होता. बाबांनी किती नेट वापरलं हा प्रश्नच नव्हता. फोन जुना होता आणि लोखंडी पेटीपासून सगळ्यांत लांब होता. राउटर बाहेर आला तेव्हा पत्नीला जवळचा सिग्नल मिळाला हा फायदा लहान. बाबांचा फोन भराभर जेवू लागला, हा मोठा.

याच प्रश्नावर बंगळुरूतच पायाभूत काम झालं आहे, आणि इथल्या मराठी वाचकाला ते ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक अनुराग कुमार, जे पुढे २०१४ ते २०२० संस्थेचे संचालक होते, आणि मालती हेगडे, जॉय कुरी यांच्यासारखे त्यांचे सहकारी यांनी या रांगेचं गणित मांडलं. कुमार आणि कुरी यांनी आयआयटी मुंबईच्या डी. मंजुनाथ यांच्याबरोबर लिहिलेलं बिनतारी जाळ्यांवरचं पाठ्यपुस्तक २००८ चं. त्यांच्या गटानं 'अ‍ॅडवायझर' नावाची एक यंत्रणा बनवली. ती राउटरला हात लावत नाही. राउटरच्या मागे, तारेवर बसते, आणि कुणाचा माल हवेत कधी सोडायचा ते ठरवते.

त्या कामामागची एक गोष्ट घरातल्या प्रत्येकानं समजून घेण्यासारखी आहे. मूळ नियमांप्रमाणे राउटर हाही रांगेतला एक साधा उमेदवारच. घरात पाच उपकरणं वर माहिती पाठवत असतील तर सहाव्या नंबरला राउटर उभा असतो, आणि सगळ्यांचं खाली येणारं सामान मात्र त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. संध्याकाळी लग्नाहून परत आलात, चौघांचे फोन फोटो वर चढवायला लागले, आणि टीव्हीवरची मालिका गोल गोल फिरू लागली, तर त्याचं मूळ बहुधा इथे असतं. नव्या राउटरांत यावर उपाय होत गेले. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या प्रमाणात, ज्याला आपण वायफाय ६ म्हणतो, राउटरला एकाच वेळी अनेकांना थोडी थोडी जागा वाटून देता येते. पण त्यासाठी समोरची उपकरणंही नवी लागतात. नवा राउटर घेतला आणि घरातले फोन सगळे जुने, तर रांग जुन्याच चालीनं चालते.

हवेतली रांग ओळखली तरी एक दुसरी रांग उरते, आणि ती राउटरच्या पोटात असते. बाहेरची लाइन भरली की राउटर माहितीची पाकिटं टाकून देत नाही, साठवत बसतो. भलं करायला जातो आणि प्रत्येक पाकिटाला शेकडो मिलिसेकंद थांबवून ठेवतो. स्पीडचा काटा पूर्ण २०० दाखवतो आणि फोनवर "हॅलो" म्हटल्यावर पलीकडचं "हॅलो" दोन श्वासांनी येतं. अमेरिकी अभियंते जिम गेटिस यांना २०१० मध्ये स्वतःच्या घरी फाइली पाठवताना हे दिसलं. त्यांनी त्याला बफरब्लोट असं नाव दिलं, आणि त्यावरचे उपाय पुढच्या आठ वर्षांत इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत आले. काही राउटरांत ही सोय असते. लाइनच्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर मर्यादा घालायची, म्हणजे रांग आपल्या ताब्यात राहते. दहा टक्के सोडायला लोक तयार होत नाहीत. मी त्यांना एकदाच करून पाहायला सांगतो, आणि ज्यांनी करून पाहिलं त्यांपैकी कुणी ती मर्यादा परत काढलेली मला आठवत नाही.

मग दुखणं कोणत्या रांगेत आहे ते ओळखायचं कसं? पुस्तिकेची पहिली दोन प्रकरणं फक्त यावर आहेत, आणि ती गाळून कुणी पुढे जाऊ नये. नेट अडतं त्याच वेळी मोजायचं; सकाळी अकराला सगळं ठीकच असतं. आधी लॅपटॉप केबलनं राउटरला जोडून. मग केबल काढून, त्याच खोलीत. मग तक्रारीच्या खोलीत, दार नेहमी जसं असतं तसं ठेवून. त्याबरोबर पिंग, म्हणजे हाक देऊन उत्तर किती वेळात येतं ते पाहणं: एकदा राउटरच्या पत्त्याला, एकदा बाहेरच्या. राउटरलाच उत्तर द्यायला शंभर-दोनशे मिलिसेकंद लागत असतील तर दोष हवेत आहे, आणि कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. राउटर दोन-तीन मिलिसेकंदांत बोलतोय आणि बाहेरचा अडखळतोय, तर दोष लाइनवर, आणि आता टेक्निशियनला दाखवायला तुमच्याकडे पुरावा आहे. प्रत्येक आकडा वहीत, तारीख-वेळेसकट. एका वेळी एकच बदल. माझ्या परिचयातल्या एका आजींनी वाणसामानाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर अशी तेवीस दिवसांची नोंद ठेवली होती. त्या नोंदीवरून रोज रात्री साडेआठला होणारी खोटी शेजारच्या चॅनलशी जुळली. इतकी चांगली नोंद मी पगारी अभियंत्यांकडूनही क्वचित पाहिली आहे.

कधी कधी एक आकडाच सगळं सांगून जातो. २०० किंवा ३०० चा प्लॅन आहे, केबलनं मोजलं तरी ९४ च्या आसपास येतं, कमी नाही, जास्त नाही. हे ९४ दिसलं की हवेकडे पाहूच नका. कुठेतरी १०० एमबीपीएसची मर्यादा बसलीय: एकतर राउटरचं पोर्टच तेवढ्या क्षमतेचं आहे, किंवा केबलच्या आठ तारांपैकी चारच नीट दाबल्या गेल्या आहेत. टोक कापून नवा कनेक्टर दाबला की तीनशे येतात. बनशंकरीतल्या एका घरानं या चार तारांपायी दीड वर्ष मोठ्या प्लॅनचे पैसे भरले होते.

राउटरच्या सेटिंगमध्ये शिरल्यावर जे बदल मी सुचवतो ते बहुतेकांना उलटे वाटतात. शक्ती वाढवू नका, कमी करा. राउटर ओरडून बोलला तरी फोनचा आवाज तेवढाच बारीक राहतो. फोनला रेघा पूर्ण दिसतात आणि त्याचं म्हणणं मात्र राउटरपर्यंत पोचत नाही. घरात दोन राउटर असतील तर ओरडण्याचा त्रास दुप्पट. फोन हॉलमधल्या जुन्या राउटरला चिकटून बसतो, आणि डोक्यावरचा दुसरा रिकामा राहतो, कारण कुणाला धरायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही. चॅनलही रुंद नको. दाट इमारतीत ५ गिगाहर्ट्झवर ८० ऐवजी ४० मेगाहर्ट्झ, २.४ वर २० च. आणि २.४ वर ३ किंवा ४ नंबरचा चॅनल रिकामा दिसला तरी घेऊ नका. १ वरचा शेजारी तुमच्यासोबत रांगेत उभा राहतो, तुमचं ऐकून थांबतो. ३ वर गेलात की त्याचं बोलणं तुम्हाला फक्त खरखर म्हणून ऐकू येतं, आणि तुमचं त्याला.

राउटर चालू केल्यावर ५ गिगाहर्ट्झचं नाव मिनिटभर दिसत नसेल तर घाबरू नका. मधले काही चॅनल रडारांसोबत वाटून घ्यायचे असतात, म्हणून राउटर आधी मिनिटभर ऐकतो आणि रडार नाही याची खात्री करून मगच बोलतो.

दूरच्या खोलीसाठी रिपीटर घेऊन येणाऱ्यांना मी थांबवतो. तो प्रत्येक वाक्य हवेत दोनदा बोलतो: एकदा ऐकायला, एकदा पुढे सांगायला. आधीच भरलेल्या रांगेत आणखी एक माणूस. त्यापेक्षा एक केबल ओढून तिच्या टोकाला दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट. मेश, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या राउटरांचा संच, घेतलात तरी त्याचे डबे शक्य तिथे तारेनंच जोडा. टीव्ही, डेस्कटॉप, सेट-टॉप बॉक्स, जे जागेवरून हलत नाही ते सगळं तारेवर न्यावं. हवा हलणाऱ्यांसाठी ठेवावी. ब्रँड कोणता घ्यावा हे या पुस्तिकेत कुठेही सांगितलेलं नाही. विजेबद्दल एक छोटं प्रकरण आहे, कारण दिवे गेल्यावर इन्व्हर्टरवर राउटर चालतो आणि फायबरचा पांढरा डबा मात्र बंद पडलेला असतो, हे घरोघरी होतं.

शेवटचं प्रकरण शेजाऱ्यांबद्दल आहे, आणि ते लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. आमच्या मजल्यावर चार दारं. चारही राउटर ५ गिगाहर्ट्झच्या ३६ नंबरवर, कारण ते कारखान्यातून येतानाच तसे येतात. २०२० च्या जूनमध्ये एका रविवारी, तोंडाला मास्क लावून, चौघं जिन्यात उभे राहिलो: एक कन्नड कुटुंब, एक ओडिया, एक तेलुगू आणि आम्ही. कुणी कुठल्या खोलीत काम करतं, कुणाच्या मुलांची शाळा कधी असते, ते विचारलं. सगळ्यांनी रुंदी ४० वर आणली आणि ३६, ४४, १४९, १५७ असे चार चॅनल चार घरांनी वाटून घेतले. दहा मिनिटांचं काम होतं. समोरच्या आजोबांनी त्यांचा नंबर दाराच्या आत, दूधवाल्याच्या हिशेबाच्या कागदाखाली लिहून ठेवला. मधल्या वर्षांत दोन घरं बदलली. नव्या बिऱ्हाडाला चॅनलांची ती वाटणी सांगायचं काम आता माझी मुलगी करते.

वाचायला सुरुवात करण्याआधी एक वस्तू आणून ठेवा: पंधरा मीटरची तयार कॅट-६ केबल, दोन्ही टोकांना कनेक्टर लावलेली. एस. पी. रोडवर मिळते, कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातही मिळते. घेताना कनेक्टरच्या पारदर्शक टोकातून आत पाहून आठही तारा मोजून घ्या. पहिल्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीला तिची गरज लागणार आहे.